अर्ध्या तासाची गाडी

९ जानेवारी २०२५, गुरुवार. हुलसूर

ही वही शैलश्रीनं आणली, माझ्या पोरीनं. बेंगळूरला परत जाताना म्हणली, "अप्पा, रिटायर झाल्यापासनं तुम्ही अव्वाचं डोकं खायलात. जे बोलायचं ते ह्याच्यात ल्ह्या." म्हणून ल्हायलाव. तसं डोकं खाऊन घ्यायला आता तिच्या आईला, रुद्रम्माला, ताकद पण राहिली न्हाई.

येळवशीला, अवसेच्या सणाला, शेतात रुद्रम्माच्या छातीत कळ आली. भज्जी-अंबिलाची पंगत उठली, पाहुणे गेले, आणि ही खोपीला टेकून बसली ती उठंना. लुगडं घामानं भिजलेलं. चुलतभावाची जीप काढली, कलबुर्गीला नेलं. जीप म्हणजे नुसता खटारा, चढ आला की धापा टाकती. दवाखान्यातला तरणा डॉक्टर म्हणाला, "वाचल्या. पण अर्धा तास आधी आला असता तर हृदय एवढं खराब झालं नसतं."

अर्धा तास. जेवताना तेच, अंघोळीला तेच, लिंगपूजेला बसलो तरी तेच. माझा जन्म गेला हुलसूर-कलबुर्गी सरकारी बस चालवण्यात, रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा मला वळखतो, आणि माझ्याच बायकोला पोचायला उशीर झाला! बसला साठचं लॉक असतं, कितीबी दाबा, काटा पुढं जात न्हाई. मी आयुष्यभर साठनंच गेलो. आता बास. डिझेलची गाडी घ्यायची, जुनी चालंल, पण तिला अशी पळती करायची की तो अर्धा तास वसूल झाला पाहिजे.

१७ जानेवारी, शुक्रवार

नौबादला जाऊन आलो. लिंबाजीनं पत्ता दिला होता. लिंबाजी माझा कंडक्टर, जन्मभर माझ्या मागं घंटी वाजवली, अजून नोकरीत हाय, त्याच रूटवर. त्याच्या वळखीचा किरणकुमार म्हणून एक जण हाय, डिझेल गाड्यांची ताकद वाढवून देतो. हातात पाना कमी आणि लॅपटॉप जास्त.

"काका, कुठल्या रेसला उतरायलात?"

"कलबुर्गीच्या. दवाखान्याच्या गेटापर्यंत."

तो हसला. मी हसलो न्हाई, तसा त्याचा चेहरा उतरला. मग नीट बोलला. म्हणाला, आधी इंजिन निरोगी बघून आणा. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबणारा पंखा, चांगला पाहिजे, इंजिननं तेल प्यायला न्हाई पाहिजे. मेलेल्या बैलाला चाबूक मारून उपयोग न्हाई. इंजिन चांगलं असलं तर मी त्याचा मॅप बदलतो, म्हणजे डिझेल किती न् हवा किती ते. हवा थंड करायचा डबा मोठा टाकतो, सायलेन्सर मोकळा करतो, क्लच न् ब्रेक भक्कम करतो.

ब्रेकचं त्यानं शेवटी सांगितलं. मी असतो तर आधी सांगितलं असतं. तरणी पोरं.

२६ जानेवारी, रविवार

भालकीला एका गुरुजींची गाडी बघितली. बाहेरनं चकाचक, आत अगरबत्तीचा वास. मी बॉनेटवर हात ठेवला तर गरम. म्हणलं, "गुरुजी, गाडीला ताप आलाय का?" गुरुजी म्हणाले, आत्ताच भाजी आणायला गेलतो. घरात भाजी कुठं दिसली न्हाई. थंड इंजिन चालू व्हायला कुरकुर करत असणार, म्हणून मी यायच्या आधी गरम करून ठेवलं. मी पण थंडीत डेपोत बस चालू केल्यात म्हणावं, मला कुठं शेंडी लावायलात!

दुसरी बसवकल्याणची. चालू करून तेलाचं झाकण काढलं तर आतनं चिलमीवानी धूर. झाकण परत लावलं, चहा पिऊन आलो.

घरी आलो तर ही गोळ्या घेऊन पडलेली. म्हणली, मिळाली का गाडी? म्हणलं, गाड्या लई, खऱ्या थोड्या. ती म्हणली, मग राहू द्या की. राहू द्या कसं? हिला कळत न्हाई, हिच्यासाठीच चाललंय हे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दोन गाड्यांवर येऊन अडकलाव. दोन्ही नौबादच्या. रुद्रम्मालाबी दाखवायला नेलं होतं, किरणकुमार संगं.

पांढरी उंच हाय, ऐसपैस. बसायला खाट. पण इंजिन म्हशीसारखं, हलवलं तर हलतं. किरणकुमार म्हणाला, "काका, हिला कितीबी खायला घातलं तरी शर्यत जिंकत न्हाई." काळी बुटकी, जर्मन बनावटीची, वीरेश नावाच्या गुत्तेदाराची. त्यानं चावी फिरवली तर पहिल्या झटक्याला चालू, थंडगार इंजिन. धूर न्हाई. पाय दाबला की टर्बो शीळ घालतो. मी हायवेला काढली. देवा शप्पथ, काटा साठच्या पुढं गेला आणि जातच राहिला. ह्या वयात मला लाज वाटली, एवढा आनंद झाला.

रुद्रम्मानं पांढरीत मागं बसून बघितलं. मग काळीत बसली. उतरून एकच बोलली, "पांढरीत पाय लांब करून आडवं होता येतंय."

म्हणलं, "आडवं व्हायची पाळीच येणार न्हाई, एवढ्या लवकर पोचवतो."

ती वीरेशच्या बायकोनं दिलेलं पाणी प्याली.

९ फेब्रुवारी, रविवार

काळी घेतली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मॅप झाला. सायलेन्सर झाला. आवाज असा की आमच्या गल्लीतल्या कोंबड्या एकदम माळवदावर. नागूबाई, लिंबाजीची बायको, शेजारीच राहती, ती बाहेर येऊन म्हणली, "अण्णा, दारात रेडा पाळलाव का काय?" मी म्हणलं, तुझ्या अक्कासाठी हाय, हस तू. किरणकुमार आता स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवणार, म्हणजे वळणावर डुलणार न्हाई.

एक ल्हितो. ड्युटीला निघायचो तेव्हा रोज दारात येऊन ही म्हणायची, "निधान होग्री." सावकाश जावा. बाकी आमचं बोलणं मराठीत, पण हे तिच्या माहेरच्या कन्नडमध्ये. एक दिवस चुकली न्हाई. आज मी गाडी चालू केली तर दारात आली, उभी राहिली, आत गेली. म्हणली असंल, आवाजात ऐकू आलं नसंल.

काल शिवरात्रीची लिंगपूजा दोघांनी संगंच केली. डाव्या तळहातावर लिंग धरायचं असतं, तर हिचा हात खाली जायलाय. मग उजव्या हातानं डावा हात खालनं धरला आणि तशीच डोळे मिटून बसली. वय झालंय आता. माझेबी गुडघे कुठं वळायलेत.

१३ मार्च, गुरुवार

ताकद वाढली आणि क्लच घसरायला लागला. इंजिन बोंबलतं, गाडी जागेवर. नवा क्लच टाकायचा. एक नीट केलं की दुसरं निघतं. आज पहिल्यांदा वाटलं, शरणप्पा, तू कुठं चाललायस? ह्या वयात माणसं मठात बसतात. पण मग तो डॉक्टर डोळ्यापुढं येतो. मला भीती वाटती. हिच्याशिवाय ह्या घरात मी काय करणार, मला चहाची पातेली कुठं असती ते माहीत न्हाई.

क्लच टाक म्हणून सांगितलं.

२२ मार्च, शनिवार

आज तपासणीला कलबुर्गीला नेलं, आमच्या गाडीतनं. काय गाडी झालीय! हुमनाबादच्या पुढं दोन ट्रक संगंच मागं टाकले. हिनं एका हातानं वरचा दांडा धरला होता, दुसऱ्या मुठीत गळ्यातलं लिंग. म्हणलं, जप करायलीस का? मान हलवली. बरं, देवाचं नाव घेतंय माणूस.

अर्धा तास? त्याच्यापेक्षा जास्त वाचला! गेटात गाडी उभी केली आणि मला ओरडावंसं वाटलं. ही उतरली आणि भिंतीला धरून वांती केली. कमलापूरला तांबडी केळी घेतली होती, ती बाधली. डॉक्टर म्हणाले बीपी लई वाढलाय, धावपळ करू नका. म्हणलं, साहेब, धावपळ गाडीनं केली, आम्ही बसून आलाव.

येताना विचारलं, "कसं वाटलं?" म्हणली, "बरं."

२ एप्रिल, बुधवार

खरं सांगतो, गाडी आल्यापासनं हिचं दुखणं पळालंय. कळ न्हाई, धाप न्हाई, तक्रार न्हाई. आधी दिवसाआड म्हणायची, ओ, इथं कसंतरी होतंय. आता विचारलं की, "काय न्हाई, मला काय धाड भरलीय!" मी लिंबाजीला म्हणलं, दुखणंच गाडीला भिऊन पळालं बघ. लिंबाजी एरवी अशा बोलण्यावर मांडीवर थाप मारून हसतो. आज सुपारी कातरत बसला.

तपासणीला पण नको म्हणती. "मी बरी हाय की, कामून जायचं?" उलट मंगळवार आड मंगळवार अक्कन बळगाला जायलीय, बायकांच्या मेळाव्याला. तिथं बसवण्णांची वचनं म्हणतात. सकाळी जाती ती दिवस मावळताना येती. नागूबाई पण संगं जाती. धनगराची बाई आमच्या बळगात! मला आवडलं. बसवण्णांनी तरी जात कुठं मानली.

मागल्या आठवड्यात आधार कार्ड शोधत होती. कामून म्हणलं तर रेशनला. मीच काढून दिलं.

१६ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी हिनं जेवण केलं न्हाई. पाटावर बसून होती, ओठ दाबून. म्हणली पित्त झालंय, सोड्याचं पाणी प्याली. मी लगेच चावी घेतली. "काढू का गाडी?" तशी ताडकन उठली आणि भाकरी थापायला लागली. म्हणजे पित्तच होतं.

२३ एप्रिल, बुधवार

अक्षर कसं येतंय बघवंना.

सकाळी स्टँडवर लिंबाजी भेटला. चहा सांगितला. सहज म्हणाला, "अण्णा, काल येताना अक्का लई दमल्या होत्या. खिडकीची जागा दिली, तरी हुमनाबादपर्यंत डोळे उघडले न्हाईत. दवाखान्यात काय म्हणले?"

म्हणलं, "कुठल्या दवाखान्यात?"

त्याच्या हातातली बशी तशीच राहिली. मग सगळं बोलला, मान खाली घालून. बळग-बिळग काही न्हाई. रुद्रम्मा मंगळवारी बसनं कलबुर्गीला जायलीय, डॉक्टरकडं. नागूबाई सोबतीला. बायकांना सरकारी बस फुकट, आधार दाखवलं की झालं. माझ्याच रूटची बस, माझाच कंडक्टर, आणि सगळ्या स्टँडला माहीत, एक मी सोडून!

घरी येऊन मी नको तेवढं ओरडलो. "दारात गाडी उभी असताना माझी बायको फुकटच्या बसनं जायलीय! लोकं माझ्या तोंडात शेण घालतील!"

ती चुलीपुढनं उठली न्हाई. म्हणली, "घालू द्या. मला त्या गाडीची भीती वाटती."

"भीती? मी चालवायलाव आणि भीती?"

"तुम्ही बस चालवायचात तेव्हा न्हाई वाटली कधी. ह्याच्यात तुम्ही माझ्याकडं बघत न्हाई, काट्याकडं बघता. त्या दिवशी वाटलं, छातीनं न्हाई, ह्या गाडीतच मरतो आपण दोघं. शैलश्रीला कोण राहतंय मग?"

"मग सांगायचं न्हाई का मला?"

"दुखतंय म्हणलं की तुम्ही चावी घेता."

मी खाली बसलो. विचारलं, "किती वेळा दुखलं?"

तिनं भाकरी उलटली. "दोनदा. पित्त म्हणलं ते एक. जास्त न्हाई दुखलं."

तोंडात तेच आलं, माझं पाठ झालेलं. "अगं, डॉक्टर म्हणाला न्हाई का, अर्धा तास आधी..."

तेव्हा ती माझ्याकडं फिरली. रागानं न्हाई. लेकराला सांगावं तशी बोलली. "अर्धा तास, अर्धा तास करायलात. येळवशीला पहाटे भज्जी शिजवतानाच मला दुखायलं होतं. शेतात एवढी माणसं येणार, पंगत बसणार, त्या दिवशी घरच्या बाईनं कसं सांगायचं? पंगत उठेपर्यंत धरून बसले. त्या जीपला उगं बोल लावायलात. तिनं बिचारीनं काय केलं."

२५ एप्रिल, शुक्रवार

दोन दिवस बाहेर पडलो न्हाई.

त्या दिवशी मी पंगतीत बसून "रुद्रम्मा, अंबील आण, भज्जी वाढ" म्हणत होतो. ती वाढत होती. हसत वाढत होती. हे डोळ्यापुढनं हलंना. काल गाडीत जाऊन बसलो, चालू केली न्हाई, आणि रडलो. ल्हितो, इथं कोण बघायलंय.

आणि आता नवीनच. ती "काय न्हाई" म्हणली की मला त्या "न्हाई"वर भरोसा ठेवता येईना. आधी निदान सांगायची तरी, "ओ, इथं कसंतरी होतंय" म्हणून. ते मीच बंद केलं, एवढी खटपट करून. इंजिनाची कुरकुर ऐकायला बॉनेटवर हात ठेवतो मी, गरम का थंड बघतो. घरात कधी बघितलं न्हाई.

किरणकुमारला फोन केला. म्हणलं, होतं तसं करून दे. मॅप जुना, सायलेन्सर जुना, स्प्रिंगा जुन्या. ब्रेक तेवढे नवे राहू दे. तो म्हणाला, "काका, लोकं पुढं जायला येतात माझ्याकडं, तुम्ही मागं जायलात." म्हणलं, जायलाव बाबा. उद्या गाडी नौबादला नेऊन सोडतो.

रात्री जेवताना हिला सांगितलं, "येत्या मंगळवारी न्हाई, पुढच्या. मीबी येतो तुझ्यासंगं. बसनं."

तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली. मग म्हणली, "या. पण ड्रायव्हरला शिकवायचं न्हाई."

६ मे, मंगळवार. कलबुर्गी, दवाखाना

शैलश्रीला फोन झालाय, ती निघालीय. नागूबाई खाली चहाला गेलीय. मी बाकड्यावर बसून ल्हायलाव, कारण दुसरं काय करू कळंना.

सकाळी आम्ही तिघं बसमध्ये चढलाव. लिंबाजीनं दोघींना शून्याचं तिकीट दिलं आणि माझ्यापुढं हात केला. "अण्णा, तुम्हाला पैसे पडतात." सगळी बस हसली. रुद्रम्मा खिडकीला, मी तिच्या बाजूला. ड्रायव्हर नवा, अमरेश नावाचा. गाडी स्टँडच्या बाहेर काढताना ही खिडकीतनं तोंड काढल्यासारखं करून मोठ्यानं म्हणली, "निधान होग्री!" तो म्हणाला, "आयतु अक्का." होय म्हणून.

एवढी वर्षं हा रस्ता मी पुढनं बघितला, बाजूनं कधीच न्हाई. अमरेशनं वळणावर ब्रेक उशिरा लावला की माझा पाय आपोआप खाली दाबायचा. हिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तिथं ब्रेक न्हाई."

कमलापूर यायच्या थोडं आधी तोच हात घट्ट झाला. मी बघितलं तर ती खिडकीबाहेर बघायलीय. विचारावं का नको ह्याच्यातच होतो, तोवर तीच बोलली, हळू, माझ्याकडं न बघता.

"ओ. दुखायलंय."

मी चावी शोधली न्हाई, चावीच नव्हती. पिशवीतली गोळी काढली, जिभेखाली ठेवली. डावा हात माझ्या दोन्ही हातात घेतला, गार पडला होता. लिंबाजीला हाक मारली. लिंबाजीनं घंटीची दोरी ओढली ती असली की पुढं अमरेशला न सांगता कळलं. तोच म्हणाला, आता कुठं थांबायचं न्हाई, सरळ दवाखाना. एक जण महागाव फाट्याला उतरायचं म्हणून कुरकुरला, नागूबाईनं त्याला असा झापला की तो कलबुर्गीपर्यंत गप्प. बस साठनंच चालली होती. मी काट्याकडं बघितलं न्हाई. हिच्या तोंडाकडं बघत होतो, आणि ती मला सांगत होती, आता जास्त हाय, आता कमी हाय, आता खांद्यात गेलंय. सगळं सांगत होती.

अख्खी बस दवाखान्याच्या गेटात शिरली.

तोच तरणा डॉक्टर होता. आत नेताना विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

मी म्हणलं, "कमलापूरच्या अलीकडनं. सुरू झाल्या झाल्या सांगितलं तिनं."

आत्ता बाहेर आला होता. म्हणाला, नस उघडलीय, दोन दिवस इथंच ठेवू. "ह्या वेळी लवकर आणलंत," म्हणाला. "कशानं आलात?"

"बसनं," म्हणलं. त्याला खरं वाटलं न्हाई बहुतेक.

मला आत सोडलं थोडा वेळ. नळ्या लावल्यात, पण डोळे उघडे होते. म्हणली, "आपली गाडी?"

"नौबादला. नीट व्हायलीय."

"घरी जाताना बसनंच जाऊ." मग म्हणली, "खिडकी माझी."

"तुझीच," म्हणलं.